सेलूहून राज्य नाट्य स्पर्धेत काम करायचंय. नाटकाचं वाचन कुठे होतं, आत शिरायचं कसं?

चष्मेवाली_सेलू

नमस्कार मंडळी. मी सेलूची. बाजारात आमचं चष्म्याचं दुकान आहे. नवरा नंबर काढतो, मी काउंटर सांभाळते. वय एकतीस, मुलगी दुसरीत. कॉलेजात असताना युवक महोत्सवात एकांकिका केली होती, प्रहसनातही होते. मग लग्न, दुकान, मुलगी. गेल्या हिवाळ्यात परभणीला राज्य नाट्य स्पर्धेचं एक नाटक बघायला गेले. त्यातल्या सासूचं काम करणारी बाई आमची गिऱ्हाईक निघाली, प्रोग्रेसिव्ह नंबरचा चष्मा आमच्याकडूनच नेलेला. तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय, ही करू शकते तर आपण का नाही?

विचारायचं ते असं. पुण्या-मुंबईच्या ग्रुपांच्या ऑडिशनच्या पोस्टी रोज दिसतात. परभणी, नांदेड, जालन्याच्या का दिसत नाहीत? यंदा कोण कोणतं नाटक करतंय, हे बाहेरच्या माणसाला कळतं कुठून? तालमी रात्री असतात म्हणे. मग तासाभराच्या अंतरावरून येणाऱ्या बाईला कोण घेणार? माझं बोलणंही इकडचंच आहे. जपून बोलले तर शुद्ध बोलते, पण भांडणाचा संवाद आला की 'पाणी'चं 'पानी' होतंच.

आणि एक. 'वेबसिरीजसाठी नवे चेहरे पाहिजेत, ऑडिशन रविवारी, नोंदणी दीड हजार' असा मेसेज आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर आलाय. दोघीतिघी भरायला निघाल्यात. खरं असतं का हे?

विंगेतला (परभणी)

ताई, शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो कारण रविवार जवळ आलाय. एक रुपया भरू नका आणि मैत्रिणींनाही भरू देऊ नका. लॉजच्या खोलीत बोलावतात, 'मुंबईहून टीम आलीय' म्हणतात, चार फोटो काढतात, दोन ओळी म्हणायला लावतात, 'सिलेक्शन झालं' सांगून पोर्टफोलिओचे वेगळे पैसे मागतात. पुढं फोन लागत नाही. काम देणारा माणूस कलाकाराला पैसे देतो, कलाकाराकडून घेत नसतो. हौशी ग्रुपात वर्गणी असते, नाही असं नाही. पण ती काम ठरल्यावर, सगळ्यांना सारखी. आणि टेम्पोभाडं, लाइटवाला, मेकअपमन, चहा असं कशाकशात गेली त्याचा हिशेब शेवटी सगळ्यांसमोर वाचला जातो. जिथं वाचला जात नाही तिथं दुसऱ्या वर्षी जाऊ नये.

आता बाकीचं. मी दिवसा कचेरीत फायली बघतो आणि रात्री विंगेत, म्हणजे स्टेजच्या बाजूला पडद्याआड असतो. प्रॉम्प्टिंग म्हणजे नट विसरला की आतून संवाद पुरवणं, प्रॉपर्टी, पडदा, हॉलची किल्ली आणणं, दुसऱ्या अंकाच्या नटाला घरून उचलून आणणं, ही माझी कामं. वाचनाच्या वेळी मी भिंतीला टेकून बसलेला असतो, त्यामुळं नट कसे निवडले जातात ते जवळून बघितलंय.

तुम्हाला पोस्टी दिसत नाहीत कारण आमच्याकडं नाटक आधी आणि माणसं नंतर, असं होतच नाही. उलटं होतं. उन्हाळा सरला की दिग्दर्शक आठ-दहा संहिता घेऊन बसतो. कोणी विचारत नाही विषय काय आहे. पहिला प्रश्न, "बायका किती?" दोन म्हटलं की पान उलटतं. तीन म्हटलं की सगळे एकमेकांकडं बघतात. चार म्हटलं की संहिता पिशवीत परत. मी डोळ्यांनी बघितलंय, फार चांगली नाटकं ह्या एका प्रश्नावर कपाटात गेलीत. मग शेवटी सहा पुरुष आणि एक बाई असलेलं नाटक निवडायचं, नाहीतर आत्याचा काका करायचा आणि लेखकाला फोन करून परवानगी मागायची. तुम्ही तिकडं ऑडिशनची वाट बघायलाव आणि इकडं आम्ही बाई मिळंना म्हणून नाटक बदलायलोत.

म्हणून माझं म्हणणं, भूमिका जाहीर व्हायची वाट बघूच नका. नाटक ठरायच्या आधी जाऊन सांगा की मी आहे. आषाढात जर दिग्दर्शकाला कळलं की तिशीतली एक बाई आहे, येऊन-जाऊन करायला तयार आहे, पूर्वी स्टेजवर उभी राहिलेली आहे, तर पिशवीतली संहिता परत बाहेर येते. श्रावणात सांगितलं तर तुम्हाला शेजारीण मिळते. गणपतीनंतर सांगितलं तर कपडेपट.

वेळेचं गणित असं आहे. स्पर्धा सांस्कृतिक कार्य संचालनालयाची, साठीच्या वर आवृत्त्या झाल्यात तिच्या. प्राथमिक फेरी वेगवेगळ्या केंद्रांवर होते. आपल्या भागात परभणी, नांदेड, लातूर, संभाजीनगर ही नावं तुम्ही ऐकली असतील. साधारण दिवाळीच्या पुढंमागं सुरू होते, रोज संध्याकाळी एक नाटक. केंद्रावर पहिलं आलेलं नाटक अंतिम फेरीला जातं. प्रवेशिका मात्र त्याच्या कितीतरी आधी भरायची असते आणि तिच्यासोबत संहितेचे कागद लागतात. लेखकाचं परवानगीपत्र पाहिजे. नाटक नवं असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र पाहिजे. मंडळाकडं संहिता पाठवायची म्हणजे ती पूर्ण लिहून झालेली पाहिजे. आणि आमचे लेखक तिसरा प्रवेश बाकी ठेवून जूनपासून 'होईल, होईल' म्हणत असतात. हे सगळं मागं मागं मोजत गेलं की लक्षात येईल, खरी निवड पावसाळ्यात होऊन जाते.

तालमी गणपती उठल्यावर जोर धरतात. मधे नवरात्र येतं, त्यात दोन नट जागरणाला. मग सोयाबीन. हे पुण्याच्या लोकांना सांगून कळत नाही. दसऱ्याच्या आसपास सोयाबीन काढणीला आलं की आमचा अर्धा संच गायब होतो. मास्तर असो, वकील असो, शेत सगळ्यांनाच आहे, आणि वर ढग दिसला की मळणीयंत्र ज्या दिवशी मिळेल तो दिवस. त्या आठ-दहा दिवसांत तालमीला दिग्दर्शक, मी आणि उरलेल्या बायका. गमतीनं नाही सांगत, बायकांची कामं त्या काळात पक्की होतात, कारण दिग्दर्शकाला दुसरं करायला काही नसतं.

वाचन कसं होतं ते ऐका म्हणजे भीती जाईल. शाळेचा वर्ग असतो. बाकं मागं सारलेली, फळ्यावर दुपारच्या तासाचं भूमितीचं गणित तसंच. पंधरा-वीस लोक सतरंजीवर गोल बसतात. झेरॉक्स तिघांत एक. दिग्दर्शक पहिल्या दिवशी कोणालाच भूमिका देत नाही. फिरवून फिरवून वाचायला लावतो, पाटलाचं तुम्ही वाचा, सुनेचं तुम्ही, आता उलटं करा. नवीन माणसाला वाटतं माझा आवाज बघायलेत. आवाज बघतातच, पण मी भिंतीजवळून दुसरंच बघतो. आपलं वाक्य झालं की काय करतो हा माणूस? नव्वद टक्के लोक पान उलटून पुढचं वाक्य कुठं आहे ते शोधायला लागतात. कागदाची खसखस सुरू होते. एखादीच बाई असते जी कागद खाली ठेवून समोरच्याचं ऐकते आणि मग तिचं वाक्य चुकतं, अडखळतं, उशिरा येतं. ती घ्यायची. वाक्य पाठ होतं हो कोणाचंही. ऐकणं शिकवायला दोन महिने पुरत नाहीत.

मग खडूनं जमिनीवर स्टेज आखतात. इथं विंग, इथं दार, ही चप्पल म्हणजे चूल, ही पाण्याची बाटली म्हणजे आजोबाचा फोटो. तुम्ही काम करत असताना कोणी त्या चपलेवर पाय दिला तर दचकायला झालं पाहिजे. आमच्यातल्या एका नटानं स्पर्धेच्या प्रयोगात खरी चूल समोर असताना तालमीच्या सवयीनं तिच्या बाजूला पडलेली प्रेक्षकाची चप्पल फुंकली होती, ती गोष्ट परभणीत अजून सांगतात. खरी-खोटी मला विचारू नका.

आता भाषा. ताई, 'पानी' म्हणा. कुठं म्हणायचं ते मात्र कळलं पाहिजे. लक्ष्मण देशपांडे सर विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे आणि स्टेजवर एकटे ५२ माणसं उभी करायचे, 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये. त्या सगळ्या वऱ्हाडाची बोली मराठवाड्याची होती आणि ती साऱ्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतली. तेव्हा आपल्या बोलीची लाज हा विषय तिथंच संपला. पण आमच्याकडं दोन रोग आहेत. एक, वाचनाला आलेली बाई बातम्या दिल्यासारखं बोलते, 'मी आपणांस सांगू इच्छिते' ह्या चालीवर. दुसरा रोग त्याहून वाईट. गावाकडचं पात्र म्हटलं की डोक्याला हात, कंबरेला हात, 'आरं द्येवाऽ'. अशी बाई मी माझ्या उभ्या आयुष्यात गावात बघितलेली नाही. तुमच्या दुकानात खेड्यावरून म्हातारी येते, चष्मा लावते आणि सुनेकडं बघून काहीतरी बोलते ना? ती ज्या आवाजात बोलते तो घेऊन या.

यंदाचं विचारलंत. आमच्या ग्रुपचं नाटक नवं आहे, लिहिणारा जिल्ह्यातलाच. धरणात गाव गेलेलं एक घर, पुनर्वसनाच्या वस्तीत येऊन राहिलेलं, आणि पाणी आटल्यावर जुनं गाव वर येतं ते बघायला सगळे जातात. नदीचं नाव नाटकात नाही, पण निम्न दुधना धरण तुमच्याच तालुक्यात आहे, मी काय सांगायचं. बायका तीन आहेत, माय, सून आणि शहरातून आलेली नणंद. माय मिळाली आहे. तिघींचं नाटक घ्यायचं धाडस केलंय आणि दोघींचा पत्ता नाही. परभणीत आणखी एक ग्रुप जुनं दोन अंकी विनोदी नाटक करतोय असं कानावर आहे. त्यांना सगळे पुरुष पाहिजेत, तिकडं जाऊ नका. बालनाट्याची स्पर्धा वेगळी असते, तिला पोरं सांभाळायला मोठी माणसं लागतात. स्टेजवर नाही, पण विंगेत फार शिकायला मिळतं आणि मुलीला सोबत आणता येतं.

सोयाबीन_झालं

वर जो गायब होणारा अर्धा संच म्हटलाय त्यात मी आहे. माझी एंट्री दुसऱ्या अंकात होती, हार्वेस्टर पहिल्या अंकातच आलं.

गोदाकाठ (नांदेड)

विंगेतले भाऊ, तुमचं सगळं पटलं, एक सोडून. 'बाई मिळत नाही' हे मी नांदेडात वीस-पंचवीस वर्षं ऐकते आहे आणि मी बाईच आहे, इथंच आहे. तालीम ठेवायची साडेआठला, सुरू करायची साडेनऊला कारण एक नट जेवून येतोय, संपवायची बाराला, आणि मग बाईनं घरी काय सांगायचं? मग स्पर्धा जवळ आली की बाहेरगावाहून मानधन देऊन नायिका आणायची. ती शेवटच्या आठवड्यात येते, आपल्या हालचाली पाठ करून काम करते, जाते. तिचा दोष नाही, ती तिचं पोट भरते. पण तेवढ्या पैशात गावातल्या दोन बायकांना रात्री घरी सोडणारी रिक्षा दोन महिने लावता येते. आम्ही तसंच करतो.

चष्मेवाली ताई, पहिल्या भेटीतच विचारा, संकोच करू नका. तालीम किती वाजता सुटणार? 'साधारण' नको, आकडा सांगा. परत कोण सोडणार? तालमीच्या जागी संडास आहे का आणि त्याला आतून कडी लागते का? मेकअपची खोली बायकांना वेगळी मिळणार का, का पडदा लावून अर्धी? बाहेरगावी प्रयोग असला तर राहायची सोय कशी? हे विचारलं की काही दिग्दर्शकांचं तोंड वाकडं होतं. तिथं जायचंच नाही, नट म्हणून कितीही मोठा असो. ज्याला नाटक करायचंय तो पटापट उत्तरं देतो, कारण त्यानं आधीच विचार केलेला असतो.

आमच्याकडं आता सहा ते साडेआठ तालीम आणि रविवारी दुपारी मोठी. सुरुवातीला पुरुष कुरकुरले, दुकानं कशी बंद करायची म्हणून. मग तेच म्हणायला लागले की बरं झालं, घरी जेवायला मिळतं. यंदा पाच बायकांचं नाटक घेतलंय. वाचनाला नऊ जणी आल्या. त्यात एक आजी, नातवाला सोडायला आली आणि बसली. तिलाच काम दिलंय. कुसुम सभागृहात प्रयोग करायची सगळ्यांना घाई झालीय, पण आधी संवाद पाठ करा म्हणते मी.

नांदेडला यायला सांगत नाही, रोजचं जमणार नाही तुम्हाला. पण स्पर्धेच्या दिवसांत या. नाटककार दत्ता भगत सरांचं नांदेड आहे हे, प्रेक्षक नाटक संपल्यावर उठून जात नाहीत, बाहेर उभं राहून भांडतात. ते ऐकायला या.

निराला_बाजार (संभाजीनगर)

एक वेगळी बाजू मांडतो. विंगेतले काका म्हणतात ते परभणीला लागू असेल, पण 'जाऊन सांगा की मी आहे' म्हणजे शेवटी ओळखीपाळखीच ना? ज्याची ओळख नाही तो कुठं जाऊन सांगणार? आमच्याकडं विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे, आजूबाजूला एकांकिकावाले कॉलेजचे ग्रुप आहेत, तापडिया नाट्यमंदिर आणि संत एकनाथ रंगमंदिराच्या बाहेर चहाच्या टपरीवर उभं राहिलं तरी कोण काय करतंय ते कळतं. आता बरेच ग्रुप रीतसर ऑडिशनची जाहिरात टाकतात, वयोगट, तारीख, वेळ, सगळं. 'जिगीषा' नाट्यसंस्थेची मंडळी, दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी, लेखक प्रशांत दळवी, इथूनच निघाली. तेव्हा फेसबुक नव्हतं हे मान्य, पण आता आहे तर वापरायला काय हरकत आहे?

ताई, तुम्हाला ऑडिशनच द्यायची असेल तर तयारी ठेवा. दीड-दोन मिनिटांचा एक उतारा पाठ करून या. रडण्याचा नको, सगळे रडण्याचाच आणतात. ज्यात एखादी बाई काहीतरी लपवत असते असा निवडा. आणि चालू मालिकेतला तर मुळीच नको, ती नटी डोळ्यासमोर येते आणि तुमची तिच्याशी तुलना होते.

धाराशिवकर

२०१७ ला ९७वं अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन आमच्या गावात झालं. मांडव, दिंडी, मुंबईचे कलाकार, गर्दी एवढी की विचारू नका. त्या उत्साहात आम्ही दहा-बारा जणांनी ग्रुप काढला. अजून चालू आहे, पण तालमीला जागा हा प्रश्न जसाच्या तसा. मंगल कार्यालय लग्नसराई सोडून देतात, शाळा परीक्षा सोडून देतात, आणि मार्चमध्ये दोन्ही बंद. मागच्या वेळी गच्चीवर तालीम केली, खालच्या भाडेकरूला तिसऱ्या अंकाचे संवाद पाठ झाले. त्यालाच प्रॉम्प्टरला बसवलं. तुमच्या दुकानाला वर मोकळी खोली असेल तर ताई, सेलूतच ग्रुप काढा. जागा असलेल्या माणसाला कोणी नाही म्हणत नाही.

विंगेतला (परभणी)

गोदाकाठ ताई, रिक्षाची गोष्ट मी आमच्या दिग्दर्शकाला मोठ्यानं वाचून दाखवली. तो म्हणाला, बघू. 'बघू' म्हणजे नाही, हे मला माहीत आहे, म्हणून मी त्याच्यासमोर टेम्पोच्या बजेटमधून आकडा काढून बाजूला लिहिला. नेपथ्यात दोन फ्लॅट, म्हणजे चौकटीवरच्या खोट्या भिंती, कमी करायचे. धरणात गेलेल्या गावाला भिंती कशाला पाहिजेत?

निराला बाजार, ओळखीपाळखीचं म्हणशील तर अर्धं खरं आहे. पण तुमच्याकडं चाळीस मुली ऑडिशनला येतात, म्हणून जाहिरात. आमच्याकडं जाहिरात टाकली तर पंचवीस मुलगे येतात, त्यातल्या वीस जणांना हीरो व्हायचं असतं आणि बाकीचे 'सर, पेमेंट किती' विचारतात. तरी टाकायला हवी, हे मान्य. मी ह्या आठवड्यात टाकतो. ओळख नसलेल्या माणसानं कुठं जावं म्हणशील, तर स्पर्धेला तिकीट काढून यावं. तिकीट अगदी नाममात्र असतं. नाटक संपलं की गर्दीबरोबर बाहेर न पडता उलट दिशेनं, रंगपटाकडं जावं. तोंडावरचा रंग पुसणारा माणूस फार मोकळेपणानं बोलतो, त्याला त्या घडीला फक्त कोणीतरी 'चांगलं झालं' म्हणायला पाहिजे असतं. तिथं विचारावं, पुढचं काय करताय. नाट्य परिषदेच्या शाखा जिल्ह्याच्या गावांत आहेत, त्यांच्या कार्यक्रमांना मागच्या खुर्चीवर जाऊन बसावं. तीनदा दिसलेला माणूस चौथ्यांदा ओळखीचा होतो.

उताऱ्याचं मात्र तू बरोबर बोललास. रडू नये.

चष्मेवाली_सेलू

सगळ्यांचे आभार. मैत्रिणींनी नोंदणीचे पैसे भरले नाहीत. एकीनं त्या नंबरवर फोन करून विचारलं, मानधन किती देणार, तर तिलाच ब्लॉक केलं.

विंगेतले भाऊ, माझं माहेर दुधनेच्या बाजूचंच आहे. आमचं गाव गेलं नाही, पण आत्याचं गेलं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की आत्या अजून जाते. जुन्या घराचा जोता सापडत नाही तर बाभळीवरून अंदाज बांधते, आणि तिथं उभं राहून आमच्या मामांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, शिव्या देते, कारण मावेजाच्या, म्हणजे भरपाईच्या पैशात त्यांनी मोटारसायकल घेतली. ती रडत नाही बिलकुल. माहेरी तिच्या आवाजाची नक्कल मी लहानपणापासून करते, तिच्यासमोरसुद्धा.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, रविवारी दुकान अर्धा दिवसच असतं, मी गाडीवर नेऊन आणतो, पण मला तालमीत बसू द्यायला पाहिजे. मुलगी पण येईल. चालेल का? आणि सुनेचं काम आहे का नणंदेचं, ते आधी सांगाल का? उतारा पाठ करून आणू का?

विंगेतला (परभणी)

नवरा चालेल. रिकामा बसला तर त्याला लाइटच्या वायरी गुंडाळायला देऊ. पोरगीला खाऊ आणा, आमच्याकडं फक्त चहा असतो आणि तोही साखरेचा पाक. तुम्ही येईपर्यंत जाहिरात पण टाकलेली असेल, त्यामुळं आणखी दोघी-तिघी असतील वाचनाला. मी तुम्हाला काम मिळेल असं सांगत नाही. मिळालं नाही तर प्रॉम्प्टिंगला माझ्या शेजारी बसा, माझे डोळे आता बारीक अक्षराला दाद देत नाहीत. तो विषय तुमच्या दुकानाचाच आहे.

सून का नणंद ते दिग्दर्शक ठरवील. मला विचाराल तर आत्याचा तो आवाज मायच्या तोंडी पाहिजे होता, पण माय ठरली आहे आणि ती भांडकुदळ आहे. तेव्हा हे वाचनाच्या दिवशी बोलू नका. तिसऱ्या प्रवेशात सून पाण्यातून वर आलेली जागा पहिल्यांदा बघते, तिथं लेखकानं पानभर भाषण लिहिलंय. मावेजा आणि मोटारसायकलचं मी काल लेखकाला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, भाषण काढतो. म्हणजे त्या जागी आता काय येणार ते त्यालाही माहीत नाही, आणि संहिता मंडळाकडं ह्याच महिन्यात पाठवायची आहे. आत्याला विचारून ठेवा, नेमक्या काय शिव्या देते. मंडळाला चालतील तेवढ्याच सांगा.

उतारा नको, वाचनच आहे. रविवारी दुपारी दोनला, वसमत रोडवर. शाळेचं नाव मेसेजमध्ये कळवतो. साडेपाचला सुटतं, हा आकडा आहे, साधारण नाही. येताना पेन्सिल आणि खोडरबर आणा. पेन नको, तिसऱ्या प्रवेशाची पानं अजून तीनदा बदलणार आहेत.